चिंचेनं घासलेली गिटार

सोनाळा,
६ सप्टेंबर २०२४

युसूफभाईले मनकर्णाबाईचा रामराम.

तुम्ही मले ओळखत नाही, पण माह्या पोराले ओळखता. हरिओम, सोनाळ्याच्या माणिकरावचा पोरगा. लाल गिटारवाला. ती गिटार त्यानं तुमच्याच दुकानातून घेतली, अन् तिचं काही दुखलं-खुपलं की तो खामगावलेच पळे. घरात नुसतं युसूफचाचा असे म्हणतात अन् युसूफचाचा तसे म्हणतात. एवढं बापाचं ऐकलं असतं तं बापाचं रक्त तरी वाढलं असतं.

फोन केला असता, पण मले ऐकू येत नाही. सातवीत होती तव्हा ताप आला अन् दोन्ही कान घेऊन गेला. घरचे बोलले की मी ओठ पाहून समजते, पण फोनले कुठी ओठ असतात! म्हणून कागद. मास्तर म्हणत, मनकर्णा, पुस्तकासारखं लिही. आता मास्तरबी नाहीत अन् मले तेवढी सवडबी नाही. बोलते तसंच लिहिते, समजून घ्या.

काम असं हाय. जुलैत आमच्याकडे पूर आला, पेपरात वाचलं असन. वरची आळी वाचली, आमची बुडाली. गिटार समोरच्या खोलीत दिवाणाखाली गाळात सापडली. नुसता मातीचा गोळा. मी ती धुतली, पुसली, टिनावर उन्हात वाळू घातली. शेजारची सिंधूताई म्हणे, अव माय, मिरच्या वाळू घालाव, कुरड्या वाळू घालाव, गिटार कायले वाळू घालतं? म्हटलं, तू आपल्या मिरच्या पाह्य.

आता कशी लखलखून राह्यली पाहा. बाहेरून बी अन् आतून बी, एक कोपरा सोडला नाही मी. फक्त आवाज निघत नाही. तालुक्याच्या एका रेडिओवाल्याले दाखवली तं तो म्हणे फेकून द्या. त्याले म्हटलं, तुह्या दुकानात जेवढं सामान हाय तेवढं आधी तू फेक.

हरिओम काऊन नाही आला, असं विचारान. तो कामात हाय. भिंती पडल्या, घराचं गंज, ढीगभर काम निघालं. म्हणून मीच पाठवून राह्यली.

मले ती वाजाले पाह्यजे. गाणं-बिणं नाही वाजलं तरी चालन. वरची जाड तार वाजली तरी भागते. पण जोरात वाजली पाह्यजे. तिचा तो स्पीकरचा डबा पाण्यानं फुगून फुटला, तो पाठवला नाही.

एसटीचा ड्रायव्हर रवी आमच्या गावचा हाय. त्याच्या हाती गिटार देते, त्याच्याच हाती उत्तर द्या. त्याच्यासंगं फालतू गोष्टी करू नका, बडबड्या हाय तो, काहीबाही सांगत बसते.

अन् काम पक्कं करा. दयामाया करून वरवर करून देऊ नका, मले ते चालत नाही.

मनकर्णाबाई


खामगाव,
१५ सप्टेंबर २०२४

मनकर्णाबाईले युसूफचा सलाम.

बाई, तुमचं पत्र वाचून लय हसलो. हरिओमची जीभ कोणावर गेली ते आज समजलं.

पण त्याच्यावर माहा राग हाय, सांगा त्याले. मी फोन लावून राह्यलो तं बंदच. पुरात फोन गेला असन, मान्य, पण नवा घ्याले काय मुहूर्त पाह्यजे? इथी गणपतीचे दिवस, साऱ्या बँडवाल्यांचे बेंजो अन् कॅसिओ माह्या दुकानात येऊन पडले, चहा प्याले फुरसत नाही, अन् हा नवाब घरी भिंती बांधून राह्यला! रवीले विचारलं, काहो, आमचा हिरो कसा हाय? तं तो खाली पाहत राह्यला अन् म्हणे गाडीचा टाइम झाला. तुम्ही म्हणता बडबड्या हाय. मले तं मुका वाटला.

आता गिटारीचं सांगतो. लाकूड ठीक हाय. टिनावरच्या उन्हानं मान थोडी वाकली, ते दाबात ठेवून सरळ करतो. तारा गंजल्या, नव्या लावू. पण खरा रोग आत हाय. विजेच्या गिटारीत तारांच्या खाली पट्ट्या असतात, त्याले पिकअप म्हणतात. त्याच्यात केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, हजारो वेढे. वरची तार हालली की ते हालणं हेच पकडते अन् डब्यात पाठवते. हे गेलं की गिटार म्हणजे नुसतं लाकूड.

मी पट्ट्या उघडल्या अन् कपाळाले हात लावला. कोणीतरी त्या तारेले चिंच लावली! वरून राख! चोथा अजून अटकून हाय. त्या आंबटानं तार जागोजागी खाऊन टाकली.

बाई, पुरानं मेली नव्हती ती. नदीचं पाणी गोडं. गाळ धुऊन सावलीत ठेवली असती तं मी बसल्या बैठकीत वाजती करून देल्ली असती. पाण्यानं सोडलं अन् चिंचेनं मारलं. हे हरिओमचं काम नाही, त्याले मी स्वतः शिकवलं. घरात दुसरा कोण अकलेचा कांदा हाय ते पाहा. गिटार काय पाणी भराचा तांब्याचा गुंड हाय घासाले? ज्यानं केलं त्याले हरिओमच्या समोर उभं करा अन् हात जोडून माफी मागाले लावा.

बाजारात नव्या पट्ट्या भेटतात, पण आवाज बदलते. काय करू ते हरिओमले विचारून कळवा. अन् त्याले म्हणा, चाचाले एक ओळ तरी लिही बे.

युसूफ


सोनाळा,
३ ऑक्टोबर २०२४

युसूफभाई,

तुमचं पत्र केव्हाचं आलं. उत्तर लिहाले बसे अन् उठे. कधी दूध उतू जाते म्हणून उठे, कधी काही नसताच उठे.

तो अकलेचा कांदा मीच.

लहान लहान स्क्रू होते, ते सुरीच्या टोकानं काढले. आत पाह्यलं तं तांबं. काळं-हिरवं पडलेलं. तांबं म्हटलं की चिंच, हे मले माह्या मायनं शिकवलं, तिले तिच्या मायनं. देवाचा तांब्या, पाण्याचा गुंड, सारं चिंचेनंच उजळते. मले वाटलं, एवढे दिवस गाळात लोळली बिचारी, आतून तरी चकाचक करून द्यावी. चिंच भिजवली, राख घेतली, बोटानं हळूहळू घासली. मस्त चमकली हो. मी एकटीच बसून हसली. कराले गेली गणपती अन् झाला मारुती.

अन् माफीचं म्हणता, तं हरिओमच्या समोर मी उभी कशी राहू? हरिओम नाही, युसूफभाई.

पुरातच गेला. गोठ्याची भिंत बसली, तिच्याखाली. मी तिथीच होती, गोठ्याच्या टिनावर. त्यानंच मले उचलून वर टाकलं होतं. मंग गाईचं दावं सोडाले खाली वळला. गाय वाचली. रोज तिची धार काढते मी. तिनं तरी काय केलं बिचारीनं.

कामात हाय असं लबाड लिहिलं तुम्हाले. खरं वाक्य कागदावर उतरतच नव्हतं. अन् दुसरं, मेलेल्याची वस्तू म्हटली की लोकं हळहळ करतात, काम करत नाहीत. इथी जो तो म्हणते, नदीत सोडून दे. माहे मालक, माणिकराव, ते तं समोरच्या खोलीत पायच ठेवत नाहीत. त्या दिवशी ते चिखलीले होते, छायाच्या, आमच्या पोरीच्या घरी. परत आले तं अर्धं घर नाही अन् पोरगा नाही. तव्हापासून माह्याकडे तोंड करून बोलत नाहीत. मी ओठ पाहून समजणारी बाई. माणसानं तोंडच फिरवलं तं मले काय समजन?

रवीवर रागावू नका. मीच त्याले दम देल्ला होता की तोंड उघडलं तं पाह्य.

तुमचं ते वाक्य जात नाही मनातून. पाण्यानं सोडलं अन् चिंचेनं मारलं. खरंच तसं हाय काय? पाण्यानं एवढं सारं नेलं, अन् त्याची एक वस्तू माह्यासाठी सोडली होती, ती बी माह्याच हातानं गेली काय? एवढं सांगा.

मनकर्णाबाई


खामगाव,
७ ऑक्टोबर २०२४

मनकर्णाताई,

आज बाई म्हणत नाही. ताई म्हणतो.

ते पत्र लिहाच्या आधी माहा हात गळून पडला असता तं बरं झालं असतं. उचलली जीभ, लावली टाळ्याले, अशी माही खोड, सारी उमर माही बायको राबिया मले टोकत आली. तुमचं पत्र तिले वाचून दाखवलं तं ती उठून आत गेली. माहं दुकान बंदच हाय. उघडलं की ते स्टूल दिसते. तिथी बसून हरिओम चहावर चहा पिये अन् मले कामच करू देत नसे. मी म्हणो, अबे जाय ना घरी, तुही एसटी गेली. तं म्हणे, चाचा, दुसरी येते.

मशिदीत त्याच्यासाठी दुवा मागतली. तुम्हाले चालन ना?

आता माहं म्हणणं ध्यान देऊन वाचा. मी काल पट्ट्या पुन्हा उघडल्या, भिंग लावून पाह्यल्या. चूक माहीच होती. चिंचेनं काही झालं नाही. तार पाण्यानंच गेली होती, आतल्या आत, पहिल्याच दिवशी. चिंच वरच्यावर लागली बस. तुम्ही घासली नसती तरी ती गेलेलीच होती. ह्या कामात केसं पांढरे झाले माहे, माहं ऐका. ते चिंचेचं मनातून काढून टाका.

अन् एक चांगली गोष्ट सापडली ते सांगतो. गिटारीवर आवाज कमी-जास्त कराचं बटन असते. त्याच्यात गाळ घुसून वाळला अन् बटन होतं तिथीच थिजलं. ते शेवटपर्यंत फिरवलेलं हाय, पूर्ण आवाजावर. मी हरिओमले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, गिटार ठेवताना बटन खाली आणून ठेवायचं, अन् ते तो कधीच विसरला नाही. म्हणजे पाणी आलं तव्हा तो वाजवून राह्यला होता, ताई. भरपूर जोरात, आपल्या मस्तीत. शेवटच्या घडीले पोरगा खुशीत होता, एवढं समजा. मले तं ते पाहून थोडं बरं वाटलं.

बाजारची पट्टी मी लावत नाही. त्याच पट्टीवर हातानं नवी तार गुंडाळतो. वेळ लागन, पण करतो.

तुमचा भाऊ,
युसूफ


सोनाळा,
१३ ऑक्टोबर २०२४

युसूफभाई,

लबाड बोलायचं तं नीट तरी बोलाव माणसानं. एका पत्रात म्हणता, चोथा अटकून हाय, तार खाऊन टाकली. दुसऱ्यात म्हणता, वरच्यावर लागली. मी बहिरी हाय, भोळी नाही. पण माह्यासाठी लबाड बोलले, हे बी समजलं. तेवढ्यानं बरं वाटलं. चिंच माही हाय, माहीच राहू द्या.

बटनाचं मात्र तुम्ही चांगलं म्हणून लिहिलं, अन् मी ते वाचून ओसरीतच खाली बसली. काल दसरा होता. लोकं सोनं द्याले आले अन् मी तशीच बसलेली.

आता तुम्हाले सांगाच लागन. वाजवे तो पार्टीत, लग्नात, गणपतीत, खरं हाय. पण घरात ती गिटार माही हाक होती. मी मागं चुलीपाशी नाही तं गोठ्यात, अन् तो समोरच्या खोलीत. तोंडानं कितीबी ओरडला तरी मले काय? मंग तो डब्याचा अन् गिटारीचा आवाज पूर्ण करे अन् जाड तार एकदा ओढे. सारी जमीन थरथरे. मांडणीवरचे ताटं हालत. माह्या तळपायातून वर चढे ते. मी म्हणो, आली रे, आली! तो म्हणे, आई, तुह्या पायाले कान हायेत. दिवसभर चाले त्याचं, कामाचं असो की बिनकामाचं. कधी मी पळत जाओ तं म्हणे, काही नाही, तू हायेस काय ते पाह्यलं. चिडो मी. म्हणो, मेल्या, तुह्या पायी भाकर करपली.

वाजवताना तो कधीच पूर्ण आवाज ठेवत नव्हता. म्हणे, घर पडन. पूर्ण आवाज फक्त मले बोलावाले.

त्या दिवशी पहाटे मी गोठ्यात धार काढून राह्यली होती. पाणी समोरून आलं, पहिले त्याच्या खोलीत. लाइट रात्रीच गेली होती, युसूफभाई, साऱ्या गावची. लाइट नाही तं डबा मुका. पण माणूस घाबरला की हात आपली सवयच करते. त्यानं बटन पूर्ण फिरवलं असन. तार ओढली असन. मी आली नाही म्हणून पुन्हा ओढली असन. अन् मी तिथी गाईच्या पोटाले डोकं टेकून बसली होती. माह्या पायाखाली काहीच आलं नाही. मंग तो स्वतः पाण्यातून मागं आला.

मस्तीत नव्हता तो. मले बोलावून राह्यला होता.

तव्हा पाणी गुडघ्याएवढंच असन. तव्हाच मी समोर पळाली असती तं आम्ही दोघंबी वरच्या आळीत गेलो असतो. इतके दिवस मी म्हणत होती, गाईसाठी गेला पोरगा. आता ते बी म्हणता येत नाही. मले टिनावर चढवताना त्याचं तोंड हालून राह्यलं होतं. अंधार होता. काय म्हणला ते दिसलं नाही.

लवकर करा, भाऊ. मले ते एकदा पायाखाली पाह्यजे. एकदाच.

मनकर्णा


खामगाव,
९ नोव्हेंबर २०२४

मनकर्णाताई,

उत्तर कितीकदा लिहिलं अन् फाडलं. शहाणपणाच्या गोष्टी लिहिल्या होत्या, नशीब अन् खुदाची मर्जी. राबिया म्हणे, हे पाठवू नका, तिच्यापाशी हे सांगाले गावात गंज लोकं असतील. म्हणून नाही पाठवलं. मी 'खुशीत होता' लिहिलं ते पत्र तेवढं चुलीत घाला.

एक गोष्ट आठवली ते सांगतो, अन् हे लबाड नाही, राबियाची कसम. हरिओम गिटार घ्याले आला तव्हा त्यानं मले पागल करून टाकलं होतं. लोकं येतात, रंग पाहतात, कान लावून आवाज पाहतात. हा पोट्टा चपला काढून फरशीवर उभा राह्यला, दोन्ही कानात बोटं खुपसले अन् म्हणे, चाचा, आता वाजवा. एक वाजवली, यानं मान हालवली. दुसरी वाजवली, हे बी नाही. सगळ्यांची जाड तारच वाजवाले लावे. मी म्हटलं, अबे, कान बंद करून कोणी गिटार घेते काय बे? तं नुसता हसला. लाल गिटार वाजवली तव्हा डोळे मिटून उभा राह्यला अन् म्हणे, हेच.

मी हा किस्सा साऱ्या बाजारात सांगत फिरलो, ताई. सोनाळ्याचा एक येडा आला होता म्हणून. लोकं हसत, मी बी हसो. तो तुमच्या पायांनी ऐकून राह्यला होता, हे मले आज समजून राह्यलं.

तार गुंडाळून झाली. डोळे आता पहिल्यासारखे नाहीत, मधात तुटली, पुन्हा पहिल्यापासून केली. वेढे थोडे जास्तच घातले, म्हणजे जोर जास्त येईन. आवाज तोच येणार नाही, हे आधीच सांगतो. कानवाल्याले फरक समजन. थरथर मात्र पुरी हाय. मी बी चपला काढून अन् कान बंद करून पाह्यलं, राबियाले वाजवाले लावलं. आम्ही दोघं म्हातारे दुकानात असं करून राह्यलो तं समोरचा पानवाला पाहतच राह्यला.

तुमचा डबा गेला, म्हणून माह्या दुकानातला मोठा डबा रवीच्या गाडीत देऊन राह्यलो. तो जमिनीवरच ठेवजा, दिवाणावर नाही. गिटारीचं अन् डब्याचं, दोन्ही बटनं पूर्ण फिरवजा.

वाजवाले कोणी नसन तं सांगा, मी येतो.

युसूफ


सोनाळा,
२१ नोव्हेंबर २०२४

युसूफभाईले मनकर्णाचा रामराम.

गिटार अन् डबा पोचले. रवीनं स्वतः उचलून समोरच्या खोलीत ठेवले, वायर लावून देल्ली. काकू, वाजवू काय, म्हणे. म्हटलं, नको, राहू दे. इतकी घाई मीच करत होती अन् समोर आली तं मलेच भेव वाटे. आज नको, उद्या पाहू, असं करत राह्यली.

सोमवारी सांजचं मी चुलीपाशी भाकरी थापून राह्यली होती. अन् पायाखाली आलं.

कसं सांगू तुम्हाले. तुम्ही म्हटलं आवाज तोच येणार नाही. मले काही फरक नाही समजला. मांडणीवरची परात हालली, तळपायातून पोटात आलं, अन् माह्या तोंडातून निघालं, आली रे, आली! भाकर तव्यावर तशीच. पिठाचे हात पदराले पुसत मी पळाली. मनात म्हणून राह्यली, आता काय काम काढलं ह्यानं, थांब, आज दाखवतेच तुले. भाऊ, मी विसरली होती. खरंच सांगते, विसरली होती. पूर नाही, भिंत नाही, काहीच नाही माह्या डोक्यात.

दारात गेली तं माणिकराव. ज्या खोलीत पाय ठेवत नव्हते तिथी जमिनीवर मांडी घालून बसलेले, गिटार उलटी धरलेली. जिंदगीभर त्या गिटारीले टुनटुनं म्हणून शिव्या देल्ल्या ह्या माणसानं. माह्याकडे तोंड करून बोलले, किती दिवसांनी. ओठ मले साफ दिसले. म्हणे, मनकर्णे, मले तुह्याशी बोलायचं होतं. तुले कसं बोलवाव ते समजत नव्हतं.

मी त्यांच्या अंगावर धावली. पिठाच्या हातांनी मारलं त्यांले, छातीवर, खांद्यावर, जिथी लागन तिथी. तुम्ही काऊन? तुम्ही काऊन वाजवली? एवढंच म्हणत होती. त्यांनी मारू देल्लं. मंग माहे दोन्ही हात धरून ते रडाले लागले. त्यांचं रडणं मी पहिल्यांदा पाह्यलं. पोराले नेलं तव्हाबी रडले नव्हते. भाकरीचा कोळसा झाला, घरभर धूर, सिंधूताई बादली घेऊन धावत आली की आग लागली म्हणून. आम्हाले पाहून दारातच बादली खाली ठेवली अन् ती बी बसली.

मंगळवारी मीच म्हटलं, पुन्हा वाजवा. चुलीपाशी जाऊन उभी राह्यली. त्यांनी वाजवली. तीच थरथर, परात तशीच हालली. पण कोण वाजवून राह्यलं ते मले माहीत होतं. पाय जागचा हालला नाही. मंग डोळे मिटून पाह्यलं, दुसऱ्या कामात मन घालून पाह्यलं, त्यांले म्हटलं मले न सांगता कव्हाबी वाजवा. नाही होत. एकदा समजलं ते समजलं.

काल वायर काढून ठेवली. माणिकरावले म्हटलं, बोलवायचं असन तं या अन् खांद्याले हात लावा. तसंच करतात आता. समोर येऊन बोलतात.

तुमच्या कामात खोट नाही, हे सांगाले लिहिलं. नाही तं तुम्ही म्हणान, काही चुकलं म्हणून ठेवून देल्ली. काम एकदम चोख हाय, भाऊ. त्या दिवशी चुलीपासून दारापर्यंत माहा हरिओम घरात होता. तेवढं तुम्ही मले देल्लं. मीच येड्यासारखी पळत गेली. हळू गेली असती तं अजून थोडा वेळ राह्यला असता.

तुमची बहीण,
मनकर्णा